नफा कोणाच्या भाषेत? शब्दांच्या जन्मदाखल्यावरून समाजाची कुवत मोजणाऱ्यांस उत्तर

१/ समाजमाध्यमांवर एक युक्तिवाद वरचेवर फिरत असतो. तो असा: ‘नफा’ अरबी, ‘फायदा’ अरबी, ‘किफायत’ अरबी, ‘बरकत’ अरबी. ज्या भाषेला कमाईसाठी स्वतःचा शब्द घडवता आला नाही, त्या भाषेच्या माणसाला धंदा कसा जमणार? आणि लगेच जोडीला जपानचे उदाहरण. जपानी भाषेत म्हणे लाभासाठी डझनभर शब्द आहेत, म्हणून तो देश श्रीमंत. या युक्तिवादाची चिरफाड करण्यासाठी हा धागा.

२/ युक्तिवाद ऐकायला चटपटीत आहे, म्हणून तो टिकतो. त्याच्या पोटात दोन गृहीतके आहेत. पहिले, उसना शब्द म्हणजे उसनी कल्पना. दुसरे, शब्दसंग्रह म्हणजे समाजाच्या कर्तृत्वाचा आरसा. दोन्ही गृहीतके इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. ती तपासायला जपानला जाण्याचीही घाई नको. बदलापूर स्थानकातून कल्याणच्या दिशेने लोकल पकडून दोन स्थानके गेले, तरी पहिला पुरावा हाती लागतो.

३/ बेलवली हे एके काळचे भातशेतीचे गाव, आज बदलापूर शहरात सामावलेले. तेथून दोन स्थानकांवर उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. सर्वस्व मागे टाकून आलेल्या या लोकांनी एका पिढीत बाजारपेठ उभी केली. सिंधी माणसाला व्यापार कळत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

४/ आता प्रश्न असा: उल्हासनगरचा सिंधी दुकानदार आपल्या भाषेत लाभाला काय म्हणतो? ‘फायदो’ आणि ‘नफो’. मराठीत जे दोन अरबी शब्द आहेत, तेच दोन. केवळ शेवटचा स्वर सिंधीच्या वळणाचा. उसन्या शब्दाने धंद्याची बुद्धी खुंटत असती, तर उल्हासनगरची बाजारपेठ उभीच राहिली नसती.

५/ गुजरातीकडे पाहावे. तेथेही रोजचा शब्द ‘नफो’ आणि ‘फायदो’. गुजराती व्यापारी वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितो, दिवाळीनंतर लाभपाचमेच्या मुहूर्तावर दुकान उघडतो; पण वहीच्या आत, जमाखर्चाच्या रकान्यांत, तो मोजतो तो ‘नफो’च. देवापुढे संस्कृत, हिशेबात अरबी. या दुहेरी व्यवहाराने गुजराती व्यापाराचे काही बिघडल्याचे इतिहासात दिसत नाही.

६/ इंग्रजीची अवस्था वेगळी नाही. ‘प्रॉफिट’, ‘गेन’, ‘अ‍ॅडव्हांटेज’, ‘बेनिफिट’ हे चारही शब्द फ्रेंचमार्गे आलेले. १०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील काही शतके दरबार, न्यायालय व वरिष्ठ वर्ग यांची भाषा फ्रेंच राहिली. तिचे शब्द इंग्रजीत खोल मुरले. त्याच उसन्या शब्दांनी हिशेब ठेवीत ईस्ट इंडिया कंपनीने अर्ध्या जगाशी व्यापार केला. जेत्याच्या दफ्तरातून आलेला शब्द जिताच्या जिभेवर रुळणे ही जगभरची नेहमीची घटना आहे.

७/ आता ज्या जपानचा दाखला दिला जातो, त्या जपानकडेच जाऊ. जपानी भाषेत लाभवाचक शब्द पुष्कळ आहेत, हे खरे. पण त्यांतले मुख्य कोणते? ‘री’, ‘एकी’, ‘तोकु’ आणि त्यांच्या जोडणीतून झालेला ‘रिएकी’, म्हणजे नफा. ही सारी चिनी भाषेतून, चिनी लिपीसोबत आलेली अक्षरे. म्हणजे मराठीला ज्या कारणासाठी नावे ठेवायची, त्याच कारणासाठी जपानीचे कौतुक करायचे, असा हा न्याय आहे.

८/ ‘री’ हे चिन्ह कसे लिहितात, ते पाहण्यासारखे आहे. एका बाजूला धान्याचे रोप, दुसऱ्या बाजूला पाते. धारदारपणा आणि लाभ हे दोन्ही अर्थ त्या एका चिन्हात नांदतात. व्याज म्हणजे ‘रिशी’, सोय म्हणजे ‘बेन्री’, विजय म्हणजे ‘शोऊरी’. या सर्वांत तेच चिन्ह आहे. परक्या मातीतून आणलेल्या एका बीजाला जपानने शेकडो वर्षे पाणी घातले. शब्दसंपत्ती अशी वाढते.

९/ अस्सल देशी म्हणावा असा जपानी शब्द ‘मोऊके’. आज त्याचा अर्थ कमाई. पण ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा जुना अर्थ ‘तयारी करणे, मांडून ठेवणे’ असा होता. अपत्यप्राप्तीसाठीही तेच क्रियापद वापरतात. म्हणजे देशी शब्दाचाही मूळ अर्थ ‘नफा’ नव्हताच. व्यवहार वाढला, तसा जुना शब्द नव्या कामाला जुंपला गेला. आधी बाजार, मग शब्दाचा नवा अर्थ, असाच हा क्रम आहे.

१०/ शब्द मुबलक म्हणून व्यापाऱ्याला मान मिळाला, असेही तेथे घडले नाही. एदो काळातील आदर्श समाजरचनेत चार पायऱ्या सांगितल्या जात: योद्धा, शेतकरी, कारागीर आणि सर्वांत शेवटी व्यापारी. मित्सुई घराण्याने एदो शहरात कापडाचे दुकान थाटले ते १६७३ मध्ये, म्हणजे रायगडावरील राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. पुढे ते घराणे प्रचंड श्रीमंत झाले. तरी तत्त्वज्ञांच्या लेखी नफा ही हलकीच गोष्ट राहिली.

११/ म्हणून इशिदा बाइगान या विचारवंताला १७३९ मध्ये ग्रंथ लिहून बाजू मांडावी लागली की, व्यापाऱ्याचा नफा हा सामुराईच्या वेतनासारखाच न्याय्य आहे. म्हणूनच शिबुसावा एइइची यांना १९१६ मध्ये कन्फ्यूशियसची शिकवण आणि हिशेबाची मणिचौकट यांचा मेळ घालणारे पुस्तक प्रसिद्ध करावे लागले. २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर याच शिबुसावांचे चित्र आहे. नफ्याला प्रतिष्ठा युक्तिवादांनी, पेढ्यांनी आणि कारखान्यांनी मिळवून दिली. शब्दकोशाने हे काम केलेले नाही.

१२/ जपानीतील आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. ‘रिएकी’ हीच दोन चिन्हे बौद्ध परंपरेत ‘रियाकु’ अशी वाचली जातात. आदरार्थी उपसर्ग लावून ‘गोरियाकु’, म्हणजे देवाच्या कृपेने मिळालेले फळ. चिन्ह एक, उच्चार दोन. एक पेढीसाठी, एक मंदिरासाठी. मराठीने हेच काम दोन शब्दांना वाटून दिले आहे. दर्शनाचा ‘लाभ’ होतो, दर्शनाचा ‘नफा’ होत नाही. महाप्रसादाच्या निमंत्रणात ‘लाभ घ्यावा’ असे लिहितात, ‘फायदा घ्यावा’ असे लिहिले तर पंगतीत हशा पिकेल.

१३/ आता दुसरा आरोप: मराठीपाशी, किंवा तिच्या पूर्वज भाषेपाशी, कमाईचा स्वतःचा शब्दच नव्हता. उत्तर नाशिकच्या लेण्यांच्या भिंतीवर कोरलेले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायची नाही, वाढीवर भिक्षूंचा खर्च चालवायचा.

१४/ या प्राकृत लेखात व्याजासाठी शब्द आहे ‘वढि’. संस्कृत ‘वृद्धि’चे ते प्राकृत रूप. मराठीतील ‘वाढ’, ‘वाढणे’, ‘वाढी’ ही त्याच कुळातील. फारसी भाषेचे राज्य दख्खनमध्ये येण्याच्या हजार-बाराशे वर्षे आधी या भूमीत मुद्दल, ठेव, दरमहा दर आणि अक्षय निधी यांचा हिशेब दगडावर कोरला जात होता. कल्पना उसनी नव्हती आणि शब्दही नव्हता.

१५/ हा सारा व्यवहार बेलवलीच्या परिसरापासून दूरचा समजू नये. बदलापूरजवळून वाहणारी उल्हास नदी खाली कल्याणला जाते. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची व कारागिरांची नावे आहेत. घाटावरून उतरणारा माल या खोऱ्यातून बंदराकडे जात असे. ज्या मुलखाला ‘येथे व्यापाराची परंपराच नाही’ असे हिणवले जाते, त्याच्या उशाशी दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर आहे.

१६/ संतवाङ्मयही साक्षीला आहे. ‘लाभ’ हा शब्द तेराव्या शतकापासून मराठी काव्यात नांदतो आहे. तुकोबांच्या घरी वाण्याचे दुकान होते आणि देहूच्या पेठेची महाजनकी होती. त्यांच्या अभंगांत भांडवल, लाभ, तोटा, माप, उधार हे शब्द परमार्थासाठी सहज येतात. ऐकणाऱ्याला ते कळत होते, कारण ते त्याच्या रोजच्या व्यवहारातले होते. ज्या समाजाला हिशेब परका असतो, त्याला हिशेबाच्या रूपकातून देव समजावता येत नाही.

१७/ मग अरबी-फारसी शब्द आले कसे? दफ्तराच्या दारातून. बहमनी आणि त्यानंतरच्या निजामशाही, आदिलशाही राजवटींत महसुलाचा कारभार गावपातळीवर मराठीत चाले, पण त्या मराठीत दरबारी फारसीचा भरणा होता. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, रोजकीर्द या शब्दांत गावचा कुलकर्णी लिहीत असे. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावे त्याच दफ्तराची लेकरे. नफा आणि फायदा याच वाटेने आणि बाजारपेठांच्या वाटेने घरात आले.

१८/ आल्यावर ते जसेच्या तसे राहिले नाहीत, हे महत्त्वाचे. अरबीत ‘किफाया’ म्हणजे पुरेसे असणे. मराठीत ‘किफायत’ म्हणजे काटकसरीतून होणारा फायदा. ‘वुसूल’ म्हणजे पोहोचणे. मराठीत पैसे ‘वसूल’ होतात. ‘गल्ला’ म्हणजे शेताचे पीक, धान्य. मराठीत तो दुकानदाराचा पैशांचा डबा झाला. ‘जकात’ हे मूळचे धार्मिक दान. येथे तो मालावरचा कर. ‘हासिल’ म्हणजे निष्पत्ती. मराठी माणूस विचारतो, ‘त्यात काय हशील?’ प्रत्येक शब्दाने येथे आल्यावर नवा संसार थाटला.

१९/ आणि या शब्दांनी आपापसांत कामे वाटून घेतली. ‘लाभ’ नशिबाने किंवा कृपेने मिळतो. ‘फायदा’ कोणत्याही गोष्टीचा होतो, औषधाचाही आणि ओळखीचाही. ‘नफा’ खरेदी-विक्रीतल्या फरकाचा. ‘कमाई’ श्रमाची. ‘बरकत’ म्हणजे हिशेबापलीकडची वाढ, घरातल्या कोठाराला लागणारी. ‘गैरफायदा’ आणि ‘नफेखोरी’ हे शब्द तर नीतीची सीमारेषाच आखतात. एखाद्या समाजाने लाभाचा इतका बारीक विचार केल्याशिवाय शब्दांची अशी वाटणी होत नाही.

२०/ उसन्या शब्दांतून विचारही उसना येतो काय? १६७१ मधील एक पत्र पाहावे. कुडाळच्या सरसुभेदाराला शिवाजी महाराजांनी मिठाच्या जकातीविषयी लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडते, म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि स्वराज्यातील संगमेश्वराकडचे मीठ पडून राहते. तेव्हा बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्या पत्राचा आशय. देशी उत्पादकाला आयात करातून संरक्षण देण्याचे हे धोरण. ‘जकात’ शब्द अरबी, विचार मात्र स्वराज्याच्या हिताचा.

२१/ याच छत्रपतींनी ‘राज्यव्यवहारकोश’ही करवून घेतला. रघुनाथ पंडितांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या या कोशात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. दहा वर्गांतील एक ‘पण्यवर्ग’, म्हणजे बाजाराचे शब्द. हा कोश म्हणजे सार्वभौमत्वाची घोषणा होती; राजमुद्रा, पदनामे आणि दरबाराची भाषा आपली असावी, हा त्यामागचा राजकीय हेतू. त्याच राजाच्या कारभारातील पत्रांत फारसी शब्दही येत राहिले. प्रजेला समजणारा शब्द टाकून कारभार चालत नाही, हे त्या राजाला ठाऊक होते.

२२/ इतिहासाचार्य राजवाडे यांनी तीन कालखंडांतील पत्रांची तुलना करून मराठी शब्दांचे प्रमाण मोजले. १६२८ मध्ये शेकडा सुमारे १४, १६७७ मध्ये सुमारे ६३, १७२८ मध्ये सुमारे ९४. हे आकडे नेहमी दाखवले जातात. मोजलेली पत्रे तीनच, हे मात्र सांगितले जात नाही. शिवाय या शंभर वर्षांत, आणि नंतरच्या तीनशे वर्षांत, नफा आणि फायदा बाजारातून हलले नाहीत. स्वराज्य आले, पेशवाई आली, इंग्रज आले आणि गेले; शब्द दुकानातच बसून राहिले.

२३/ अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त सावकारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. सावकार हे राज्याचे भूषण, त्यांना परमुलखातून आणून पेठा वसवाव्यात, त्यांचा मान राखावा, असा त्यातील उपदेश. आणि टोपीकर फिरंगी मात्र इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत, म्हणून त्यांना जपून वागवावे, हा इशाराही. व्यापारातला नफा आणि व्यापारामागची सत्ता यांतला फरक ओळखणारी ही मराठी राजनीती होती.

२४/ येथे दुसऱ्या टोकाचे मित्र टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, मग ‘नफा’ टाका, ‘लाभ’ वापरा. भाषाशुद्धीच्या चळवळीने मराठीला चांगले शब्द दिले आहेत. सावरकरांनी रूढ केलेले ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ आज कोणाला खटकत नाहीत. पण ते शब्द कचेरीच्या नव्या गरजांसाठी आले आणि शासनाच्या छपाईने रुळले. ‘नफा’ हा कोणाच्या हुकमाने आला नव्हता, म्हणून हुकमाने जाणारही नाही. हिणवणारा आणि शुद्धीकरण करणारा, दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी आहेत: शब्दाचा जन्मदाखला हाच त्याचा स्वभाव, असे दोघेही मानतात.

२५/ शब्द आपला झाला की नाही, याची कसोटी व्याकरणात आहे. आंबा, आंब्याला, आंब्यात. नफा, नफ्याला, नफ्यात. ‘नफा’ मराठीच्या आकारान्त नामांच्या रांगेत, आंबा आणि घोडा यांच्या शेजारी, मुकाट्याने उभा आहे. ‘नफा-तोटा’ या जोडीत पहिला अरबी, दुसरा ‘तुटणे’ या क्रियापदाच्या घरातला; पण त्यांचा सांधा कोणाला दिसत नाही. ज्याला मराठी विभक्तीचे सामान्यरूप चढते, त्याला परका म्हणणे व्याकरणाला मान्य नाही.

२६/ आणि ‘शुद्ध’ शब्दांचा पूर्वेतिहास तरी कोठे सोवळा आहे? संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बहाणा, कपट. ‘व्याजस्तुती’त तो अर्थ अजून जिवंत आहे. ‘सावकार’ या शब्दाच्या मुळाशी ‘साधू’ आहे. १८७५ साली सुपे येथे आणि पुणे-नगर जिल्ह्यांतील गावोगावी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांनी जाळले ते कर्जाची खते आणि दस्तऐवज. शब्द संस्कृत की फारसी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कागदावर कोणाचे देणे लिहिले आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

२७/ मराठी माणूस मोठ्या व्यापारात मागे का राहिला, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर शब्दकोशात शोधणे खोटे आहे. मराठी राज्यात प्रतिष्ठा आणि संपत्ती वतनात, सरंजामात आणि सैन्यात गुंतली. १८१८ मध्ये राज्य गेले आणि राज्याला कर्ज देणाऱ्या पुण्यातील पेढ्यांचा आधारच तुटला. मुंबई बंदरातील कापूस आणि अफूच्या व्यापारात, ज्यांच्याकडे आधीपासून जहाजे, दलाली आणि जातबांधवांची पत होती, ते पुढे गेले. त्यातही जगन्नाथ शंकरशेट होते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडवल, पत आणि संधी यांचा हा इतिहास आहे.

२८/ शब्दांची चर्चाच करायची, तर खरा प्रश्न वेगळा विचारावा: शब्द कोणाच्या खात्यात लिहितो? ‘हक्क’ हा शब्द घ्यावा. मराठी कागदपत्रांत ‘हक्क’ म्हणजे वतनदाराला मिळणारे ठरावीक उत्पन्न. ‘हक्क-लाजिमा’ ही जोडी वतनाच्या कागदांत जागोजागी आढळते. विसाव्या शतकात टिळकांनी स्वराज्याला ‘जन्मसिद्ध हक्क’ म्हटले आणि पाटील-देशमुखांच्या वहीतला शब्द साऱ्या जनतेचा झाला. जपानीत अधिकाराला ‘केन्री’ म्हणतात, त्यातही लाभाचे ‘री’ चिन्ह आहे. फुकुझावा युकिची यांनी तेथे ‘न्याय, तत्त्व’ या अर्थाचे दुसरे ‘री’ चिन्ह वापरून पाहिले. रूढ झाले ते लाभाचेच.

२९/ आता आजच्या सरकारी मराठीतील ‘लाभार्थी’ पाहावा. संपूर्ण संस्कृत, निर्दोष, कोणत्याही शुद्धिवाद्याला प्रिय. पण या शब्दाने नागरिक दारात हात पसरून उभा राहतो. ज्याला ‘हक्कदार’ म्हणायचे, तो ‘लाभार्थी’ झाला की, जे देणे होते ते दान वाटू लागते. अरबी कुळातला ‘हक्कदार’ ताठ उभा आहे आणि संस्कृत कुळातला ‘लाभार्थी’ वाकलेला. शब्दांच्या शुद्धतेवर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते.

३०/ शेवटी बेलवलीकडे. बदलापूर हे नाव, येथे घोडे बदलले जात म्हणून पडले, अशी लोककथा आहे. कथा खरी असो वा नसो, ‘बदल’ हा शब्द अरबी आणि त्याच धातूपासून आलेला दुसरा शब्द या परिसरातील घराघरांना ठाऊक आहे: ‘मोबदला’. बेलवली, कात्रप, कुळगाव, मांजर्ली येथील भातखाचरांवर गेल्या काही दशकांत इमारती उभ्या राहिल्या. जमीन देणाऱ्याला मिळतो तो मोबदला. इमारत बांधून विकणाऱ्याला होतो तो नफा.

३१/ दोन्ही शब्द अरबी. दोन्ही मराठीत पुरते मुरलेले. एकाच सातबाऱ्यावरून निघून ते दोन वेगळ्या घरी गेले. मोबदला एकदाच येतो आणि संपतो. नफा पुन्हा गुंतवला जातो आणि वाढतो, त्या नाशिकच्या लेण्यातील ‘वढि’सारखा. मराठी तरुणाने आपल्या इतिहासाला विचारण्याचा प्रश्न हाच आहे: आपल्या वाट्याला मोबदला का आला आणि नफा का आला नाही? त्याचे उत्तर सातबाऱ्यात, कर्जाच्या खतात, पेढीच्या पतीत आणि बंदराच्या इतिहासात आहे.

३२/ म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘नफ्याला मराठी शब्दच नाही’ असे म्हणून हिणवले, तर न चिडता तीन प्रश्न विचारावेत. उल्हासनगरचा सिंधी त्याला काय म्हणतो? जपानी माणसाने ‘री’ कोठून आणले? आणि हा नफा कोणाच्या वहीत जमा झाला? पहिल्या दोन प्रश्नांनी वाद मिटेल. तिसऱ्या प्रश्नापासून इतिहासाचा खरा अभ्यास सुरू होईल.

(धागा समाप्त)